आमची बदली क्वार्टरबॅक

अंगठा ही केवढी मोठी चीज आहे, हे आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या साठ-सत्तर मराठी लोकांना एका बाबागाडीमुळे कळलं. धनंजय मोहिते बुधवारी संध्याकाळी आपल्या आठ महिन्यांच्या मुलाची बाबागाडी उघडत होता. ती खटकन उघडली आणि धनंजयचा उजवा अंगठा आत राहिला. रोज सकाळी जिममध्ये शंभर किलो उचलणारा हा माणूस सात किलोच्या बाबागाडीपुढे आडवा झाला. डॉक्टरांनी अंगठ्याला स्प्लिंट बांधलं आणि सांगितलं, दहा दिवस काही उचलायचं नाही, काही फेकायचं नाही. सेमीफायनल शनिवारी होती.

आधी हा खेळ सांगतो, कारण मलाही तो पहिल्या तीन मॅच होईपर्यंत कळला नव्हता. याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध फक्त पळण्यापुरता. बॉल सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे निमुळता. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन फिती. बॉल ज्याच्या हातात असेल त्याची फीत उपटली की तो तिथेच थांबला. अमेरिकेत म्हणे हाच खेळ एकमेकांच्या अंगावर पडून खेळतात. आमच्या टीमचं सरासरी वय एकोणचाळीस असल्यामुळे आम्ही फितीवर समाधान मानतो. या पाचांतला एक जण मागे उभा राहतो आणि बॉल कोणाकडे टाकायचा ते ठरवून टाकतो. तो क्वार्टरबॅक. बाकीचे चौघे पळतात. म्हणजे तो चुकला की पाच जण चुकले, आणि बाहेर बसलेले आम्ही सगळे तर आधीपासून चुकलेलेच.

धनंजय दोन वर्षं टेक्सासमध्ये शिकायला होता, तिथून तो हा खेळ घेऊन आला. 'डिस्कव्हरी गरुड' ही टीम त्याचीच. मी टीमचा सेक्रेटरी. हे पद मला कोणी देऊ केलं नव्हतं, मी ते आपणहून स्वीकारलं. लीगची कागदपत्रं, ग्राउंडचं बुकिंग, जर्सीचे साईझ, सगळं माझ्याकडे. जर्सीचा विषय इथे नको.

धनंजय पडला म्हटल्यावर बदली कोण, यावर बुधवारी रात्रीच व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्तावीस मतं आली. ग्रुपमध्ये माणसं चोवीस आहेत. टीममधला तन्मय हा सव्वीस वर्षांचा मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढला. तो एका बँकेत डेटा ॲनालिस्ट आहे. त्याने एक एक्सेल शीट पाठवलं आणि खाली लिहिलं, "गाइज, स्टॅटिस्टिकली आय ॲम द बेस्ट ऑप्शन." माझी बायको लतिका म्हणाली, धनंजयलाच डाव्या हाताने टाकायला सांगा, माझे मामा दोन्ही हातांनी लिहायचे. पाचव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मॅच पुढे ढकलण्यासाठी कॉन्सुलेटला पत्र लिहावं असं सुचवलं. केरू मात्र काही बोलला नाही. केरू जेबेल अलीत एका साइटवर स्कॅफोल्डिंगचा फोरमन आहे, मूळचा माण तालुक्यातला. आमच्यात सगळ्यात जोरात पळणारा तोच. त्याने फक्त एक अंगठा पाठवला. तो सहमतीचा होता की धनंजयच्या दुखापतीबद्दल, ते कळलं नाही.

मग मी लीगचा फॉर्म उघडला.

सीझनच्या सुरुवातीला भरलेल्या या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'बॅकअप क्यूबी'. क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि सेक्रेटरीने विचारणं बरं दिसत नाही. बाकी पाण्याच्या बाटल्या, खजूर आणि बँडेजचं सगळं समिधाताई बघत होत्या. तेव्हा क्यूबी हा प्रकार क्वांटिटी ऑफ बॉटल्सच्या जवळपासचा असणार असं मी धरून चाललो. त्या समोरच होत्या. मी विचारलं, "ताई, बॅकअप क्यूबीला तुमचं नाव टाकू?" त्यांनी फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टाका." आणि लीगचा नियम असा, की सेमीफायनलपासून फॉर्ममधल्या दोघांशिवाय तिसऱ्या कोणाला त्या जागी उभं राहता येत नाही.

समिधा चौधरी म्हणजे एका क्लिनिकच्या इन्शुरन्स डेस्कवरच्या बाई. वय त्रेचाळीस, जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका हळू की लिफ्टमध्ये त्या "गुड मॉर्निंग" म्हणाल्या की माणूस दोन मजल्यांनंतर उत्तर देतो. मिस्टर महिनाभर ऑइल रिगवर, महिनाभर घरी. टीममध्ये निदान तीन बायका हव्यात असा नियम होता, म्हणून त्यांचं नाव घातलेलं. सगळ्या सीझनभर त्या मैदानात एकूण चार मिनिटं होत्या. उरलेला वेळ बाकावर बसून वहीत काहीतरी लिहायच्या. आम्हाला वाटायचं, बाटल्यांचा हिशेब.

मी ही बातमी ग्रुपवर टाकली आणि जे झालं त्याला चर्चा म्हणणं कमीपणाचं होईल. चष्मा घालून कसं खेळणार? हळू बोलणारी बाई टीमला हाक कशी देणार? तन्मयने शीटमध्ये नवीन कॉलम घातला, त्यात त्यांच्यापुढे 'नो डेटा' असं लाल रंगात आलं. मीही मागे राहिलो नाही. समिधाताईंनी न खेळणं टीमच्या हिताचं कसं आहे, याचे चौदा मुद्दे मी शांतपणे, सभ्य भाषेत, क्रमांक घालून लिहून काढले आणि धनंजयला पाठवले. निदान मला तसं वाटलं. ते ग्रुपवर गेले. ग्रुपमध्ये समिधाताई होत्या.

मग त्यांचा मेसेज आला, "पेंढरकर साहेब, मुद्दा चार आणि मुद्दा नऊ एकच आहे. तेरा होतात."

लतिकाने तो वाचला आणि मला चहा दिला नाही.

गुरुवारी मी हाफ डे टाकून लीगच्या ऑफिसात गेलो. अल क्वोझमधल्या गोदामांच्या रांगेत ते शोधायला पाऊण तास गेला, कारण त्याच नावाचा एक गादीवाला शेजारी आहे आणि मॅप मला तीनदा गाद्यांकडे घेऊन गेला. ऑफिसात हातिम नावाचे इजिप्शियन गृहस्थ होते. अतिशय प्रेमळ. त्यांनी मला बसवलं, अरबी कॉफीचा कावा दिला, घरच्यांची चौकशी केली, मुलं काय करतात विचारलं आणि म्हणाले, "हबीबी, फॉर्म इज फॉर्म."

मी म्हटलं, "सर, मिस्टेक हो गया. टायपिंग मिस्टेक."

"नो प्रॉब्लेम. ओल्ड प्लेयरचं मेडिकल सर्टिफिकेट, न्यू प्लेयरचा एमिरेट्स आयडी, आणि ज्या लेडीचं नाव काढायचं तिची सही. शी मस्ट राइट, आय डोन्ट वॉन्ट टू प्ले."

सर्टिफिकेट मिळालं, पण त्यावर क्लिनिकचा शिक्का निळा हवा होता आणि आमचा काळा होता. शुक्रवारी सकाळी निळा शिक्का मिळवला तर पोर्टलचा ओटीपी लतिकाच्या फोनवर जायला लागला, आणि लतिका तेव्हा पोहायच्या क्लासला पाण्यात होती. ती बाहेर येईपर्यंत शुक्रवारचे बारा वाजले. हातिमसाहेबांनी फोनवर अतिशय प्रेमाने सांगितलं, "खलास, हबीबी. मंडे, इन्शाल्ला." सोमवारी म्हणजे मॅच होऊन दोन दिवस झालेले.

अर्थात यातलं काही घडलं नसतं तरी एक गोष्ट राहिलीच होती. सही. ती मागायला मी गुरुवारी संध्याकाळीच समिधाताईंच्या दारात उभा राहिलो होतो. दार त्यांच्या मुलीने, अनन्याने उघडलं. अनन्या पंधरा वर्षांची. "मॉम, द फोर्टीन पॉइंट्स अंकल इज हिअर," ती आत वळून म्हणाली.

समिधाताई बाहेर आल्या. पायात स्पोर्ट्स शूज, हातात बॉल.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "झेलायला कोणीतरी हवंच होतं. चला."

सेक्रेटरीची प्रतिष्ठा नावाची एक वस्तू असते. ती घेऊन मी इमारतीमागच्या पार्किंगमध्ये गेलो. त्यांनी मला वीस पावलांवर उभं केलं आणि बॉल टाकला. तो हवेत गिरकी घेत आला आणि बरोबर माझ्या छातीवर आपटला. मला तो धरता आला नाही. दुसरा आला, छातीवर. तिसरा, छातीवर. मी पाच पावलं मागे गेलो, मग दहा. गाड्यांच्या मधून तिरका पळालो. जिथे मी जाईन तिथे माझी छाती आणि बॉल यांची गाठ पडत होती. पंचवीस वेळा टाकला, पंचवीस वेळा एकाच जागी. त्या रात्री लतिकाने तिथे बाम लावला तेव्हा म्हणाली, डाग फक्त एकच आहे, आणि तो गोल आहे.

"कुठे शिकलात?" मी धापा टाकत विचारलं.

"जळगावात. सॉफ्टबॉल. विद्यापीठाकडून तीन वर्षं पिचर होते, बॉल टाकणारी." त्यांनी चष्मा पुसला. "हा बॉल वेगळा. सुरुवातीला नीट सुटत नव्हता हातातून. सहा महिने पहाटे या खांबावर टाकते आहे."

तेवढ्यात सिक्युरिटी गार्ड आला आणि म्हणाला, बॉल गेम अलाउड नाही, मॅनेजमेंटची परमिशन लेटर दाखवा. लेटरच्या गोष्टी माझ्या हातच्या, म्हणून मी पुढे झालो आणि पाच मिनिटांत प्रकरण असं वाढवलं की त्याने सुपरवायझरला वॉकीटॉकीवर बोलावलं. समिधाताई म्हणाल्या, "भैया, आखरी पाँच," आणि टाकले पाच. पाचव्याला गार्ड मला म्हणाला, "साब, हाथ आगे करो ना, मॅडम तो हाथ में दे रही है."

मी विचारलं, "ताई, त्या दिवशी फॉर्मवर बॅकअप क्यूबी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मला वाचता येतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, नाव टाकू का. मी म्हटलं, टाका. यापेक्षा जास्त काय बोलायचं असतं?"

सहीचा कागद माझ्या खिशात तसाच राहिला. तरीही शुक्रवारी मी त्या निळ्या शिक्क्यामागे पळालोच, हे मी लपवणार नाही. पंचवीस बॉल छातीवर घेऊनही ज्याचा विश्वास बसत नाही, त्याला सेक्रेटरी म्हणतात.

शनिवारी सकाळी सात वाजता मैदानावर धुकं होतं. समोर अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीची टीम, सगळे पंचविशीतले, सगळ्यांच्या जर्सी मापाच्या. समिधाताईंनी पहिलाच बॉल टाकला आणि तो थेट समोरच्या माणसाने झेलला. तो पळत आमच्या टोकाच्या रेषेपलीकडे गेला आणि त्यांचे सहा गुण झाले. बाजूच्या रेषेवर आमच्यात जे बोलणं सुरू झालं ते लिहिण्याजोगं नाही. मला माझे तेरा मुद्दे आठवले आणि त्यांत चौदावा खरंच घालता येईल असंही वाटलं. अनन्या टोपी तोंडावर ओढून बसली. "आय कान्ट वॉच. टेल मी व्हेन इट्स ओव्हर."

हाफ टाइमला तेरा-शून्य. धनंजय स्प्लिंट उंच धरून, वाहतूक पोलिसासारखा सूचना देत होता. समिधाताईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली. त्यात बाटल्या नव्हत्या. या लीगमधल्या प्रत्येक टीमची प्रत्येक चाल होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि हळू असल्यामुळे सगळे वाकून ऐकू लागले, "दावा खोटा असला की माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. रोज बघते मी डेस्कवर. यांचा तो उंच मुलगा दर तिसऱ्या चालीला उजवीकडून धावून येतो. तो निघाला की त्याच्या मागची जागा रिकामी. केरू, तुम्ही तिथे जायचं."

"वहिनी, तुमी टाका, मी हाय," केरू म्हणाला.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ही बाई मागे उभी राहायची, समोरून एक सहा फुटी मुलगा अंगावर धावून यायचा, आणि ती जागची हलायची नाही. तो हाताच्या अंतरावर आला की बॉल निघालेला असायचा. केरूच्या पायांबद्दल मी काही लिहायला नको. स्कॅफोल्डिंगवर चढणारा माणूस सपाट जमिनीवर पळतो तेव्हा त्याला ती सुटीच वाटत असणार. पहिले सहा गुण झाले, त्यावर मिळणाऱ्या जादा चालीतला एक हुकला. शेवटच्या मिनिटाला आणखी सहा. बारा-तेरा.

आता जवळून टाकला तर एक गुण, म्हणजे बरोबरी आणि जादा वेळ. लांबून टाकला तर दोन, म्हणजे जिंकणं किंवा हरणं. धनंजयने एक बोट दाखवलं. तन्मयने मैदानातूनच ओरडून टक्केवारी सांगितली. आम्ही चाळीस जणांनी रेषेवरून एक बोट दाखवलं. समिधाताईंनी रेफरीकडे बघून दोन बोटं वर केली.

अनन्याने टोपी वर केली. "मॉम! व्हॉट आर यू डुइंग!"

उंच मुलगा उजवीकडून आला. केरू त्याच्या मागे गेला, आणि समोरचे दोघे केरूमागे. हे त्यांना आता पाठ झालं होतं. समिधाताईंनी केरूकडे बघितलं, खांदा वळवला, हात मागे नेला आणि बॉल टाकला तन्मयकडे. तन्मयच्या आसपास कोणीही नव्हतं, कारण त्याच्याकडे कोणी काही टाकेल असं त्याच्या स्वतःच्या शीटमध्येही नव्हतं. त्याने छातीशी धरला. छातीशी कसा येतो ते मला माहीत होतं. चौदा-तेरा.

लतिका मैदानात धावत गेली. मीही गेलो. मी म्हटलं, "ताई, ते मुद्दे..."

"तेरा," त्या म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

फायनल पुढच्या शनिवारी. आदल्या दिवशी धनंजयचं स्प्लिंट निघालं, आणि त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. सगळ्यांच्या मनात एकच होतं, आता ओरिजिनल परत आला. मी तर पुष्पगुच्छ आणला होता. एक छोटं भाषणही तयार होतं, 'अडचणीच्या वेळी धावून आलेल्या' वगैरे. ते मी केलं. टाळ्या झाल्या. मी पुष्पगुच्छ पुढे केला.

समिधाताईंनी तो घेतला, वास घेतला, टीपॉयवर ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "उद्या मी खेळणार आहे."

तन्मय म्हणाला, "बट टेक्निकली, धनंजय इज द स्टार्टर ना?" दोन-तीन जण एकदम बोलू लागले. अनुभव, टेक्सास, फायनलचं प्रेशर, टीमची परंपरा. टीम सहा महिन्यांची होती.

समिधाताई थांबल्या, सगळ्यांचं होऊ दिलं. "तुम्ही मला थँक्यू म्हणताय, ते चांगलंच आहे. पण मी मदत करत नव्हते. मी खेळत होते. धनंजयचा अंगठा सुजलेला आहे, तो बशी धरतानासुद्धा चार बोटांनी धरतोय, मी मघापासून बघते आहे. आणि तो बरा असता तरी मी हेच म्हटलं असतं."

सगळ्यांनी धनंजयकडे पाहिलं. माणसाने उभी केलेली टीम, त्याची जागा, त्याची जर्सी नंबर एक. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "ठीक आहे, ताई. मी कुठे पळू?"

मला त्या क्षणी या दोघांपैकी कोणाचं जास्त कौतुक वाटलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

फायनल शारजाच्या टीमशी होती. ते लोक रस्त्यातल्या जॅममध्ये अडकतील अशी आमच्या काही समर्थकांना आशा होती, पण शनिवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. ते वीस मिनिटं आधी आले. मॅच अटीतटीची झाली. आम्ही एका गुणाने मागे, शेवटची चाल, केरूला तिघांनी घेरलेलं, आणि धनंजय पलीकडच्या कोपऱ्यात एकटा. समिधाताईंनी तिथे टाकला. सुंदर बॉल होता. तो धनंजयच्या हातात बसला, अंगठ्याला लागला आणि खाली पडला.

हरलो.

धनंजय गुडघ्यांवर बसून राहिला. रेषेवर लगेच सुरू झालं. केरूकडेच टाकायला हवा होता. धनंजयला टाकायलाच नको होतं. धनंजयनेच टाकायला हवा होता. अनन्या ताडकन उठली आणि पाचव्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना म्हणाली, "एक्सक्यूज मी, अंकल, डिड यू सी दॅट थ्रो? देन व्हॉट आर वी ईव्हन डिस्कसिंग?" आणि मैदानात निघून गेली.

मीही मागोमाग गेलो. सांत्वनाचे चार शब्द सेक्रेटरीने बोलायचे असतात. समिधाताई धनंजयसमोर उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "उठा! काय बसलाय असे? हात चुकला माझा, बोटभर उंच गेला. बोटभर! उद्या सकाळी सहाला, पार्कात. सगळ्यांनी. कळलं?" डोळे भरले होते, पण ते दुःख नव्हतं, चिडचिड होती. हरण्याची इतकी खरीखुरी चीड आमच्यापैकी कोणाला येत नव्हती. आम्हाला नुसतं वाईट वाटत होतं.

रविवारी पहाटे मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील, कोण येणार. तरी खाली उतरलो. पार्कात केरू होता, जेबेल अलीहून पहिल्या बसने आलेला. तन्मय होता, शीटशिवाय. धनंजय होता, अंगठ्याला नवी पट्टी लावून, आणि बाबागाडीत मुलगा. अनन्या जांभया देत बेल्ट वाटत होती. लतिका तर माझ्याआधीच पोचली होती, कमरेला फिती लावून.

समिधाताईंनी माझ्याकडे एक बेल्ट फेकला.

"ताई," मी म्हटलं, "पण सीझन तर संपला ना?"

"म्हणून तर आता वेळ आहे," त्या म्हणाल्या. "पळा."

आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी पळालो.